छत्र्यांची पलटण

नाटक जेमतेम सव्वा तासाचं झालं, पण त्याचे किस्से अजून संपलेले नाहीत. कुणाच्याही घरी चार मराठी माणसं जेवायला जमली, की पानं वाढून होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "तो छत्र्यांचा सांग ना." मग सांगावा लागतो. सांगणारी बहुतेक वेळा मीच असते, कारण मी प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टरला सगळ्यांचं सगळं पाठ असतं आणि त्याच्याकडे कुणीही बघत नाही. बँकेत मी ऑडिटला आहे, तिथेही माझं साधारण असंच असतं.

तर सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमधलं आमचं छोटंसं मंडळ, गणपतीतला कार्यक्रम, आणि लेखक-दिग्दर्शक कर्णिककाका. काका वकील. आयुष्यभर इथल्या कंपन्यांचे करार तपासले. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, काकांनी जुने कायदे वाचायला घेतले. तेही साधेसुधे नाहीत. महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी सिंगापुरात जे जे कायदे काढले ते सगळे. खिडकीतून उजेड बाहेर जाऊ नये, बंदराचे फोटो काढू नयेत, पलटणीत कुणी यायचं आणि कुणी नाही. दिवसभर लायब्ररीत वाचायचे आणि संध्याकाळी काकूंना ऐकवायचे. शेवटी काकूच वैतागून म्हणाल्या, "अहो, यावर नाटक लिहा. हॉलभर लोक ऐकतील. मी एकटीनेच काय पाप केलंय?"

*

पहिलं वाचन काकांच्या मरीन परेडच्या फ्लॅटवर झालं. पडदा उघडतो आणि हवाई हल्ल्याचा वॉर्डन बोलायला लागतो. बोलतो म्हणजे कायदा म्हणतो. कलम, पोटकलम, पोटकलमाला अपवाद, अपवादाला अपवाद. चहा आला, चहा संपला, कपबश्या विसळून झाल्या, वॉर्डन आपला चालूच.

शिरीषने हात वर केला. शिरीष दामले उंच आणि गोरापान, म्हणून इंग्रज साहेबाची भूमिका त्याला न मागता मिळालेली. "काका, सगळं खरं, पण यात नाट्य कुठे आहे?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "दंडाच्या कलमात आहे. थांब, येतंय."

पुढचे तीन शनिवार आम्ही ते भाषण कापत होतो. कापता कापता वॉर्डनकडे दोनच शब्द उरले: "दिवे घालवा." काका एवढे दुखावले की ती भूमिका त्यांनी स्वतःच घेतली. ते दोन शब्द ते असे म्हणायचे, की कापलेलं सगळं भाषण त्यात ऐकू यायचं.

*

नाटकातल्या पलटणीला लागणाऱ्या बंदुकांचा प्रश्न सप्रेने सोडवायला घेतला. सप्रे आमच्यातला नवा, पुण्याहून आयटीत आलेला, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. उत्साह एवढा, की त्याला कुठलंही काम सांगायला भीती वाटावी. म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललोय. तुळशीबागेत खोट्या बंदुका मिळतात, अगदी खऱ्यासारख्या. येताना बॅगेत घालून आणतो."

काकांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. "सप्रे, तू चांगी एअरपोर्टवर खऱ्यासारखी बंदूक घेऊन उतरणार?"

"खोटी आहे, असं सांगीन ना."

"आणि मग त्यांनी विचारलं की खऱ्यासारखी कशाला आणली?"

सप्रे विचारात पडला. म्हणाला, "नाटकाला, असं सांगीन. त्यात इंग्रजांविरुद्ध काही नाही, हेही सांगीन."

त्या दिवशी काकांनी युद्धकाळ सोडून आजचा कायदा ऐकवला. नकली बंदुकीलाही परवानगी लागते, हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून आला, की काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. सप्रेने पुण्याहून बाकरवडी आणली.

*

मग बंदुकांऐवजी काय घ्यायचं? काकांनी पुन्हा वाचून शोधलं, की घाईघाईत उभ्या केलेल्या पलटणी सुरुवातीला काठ्या घेऊनच कवायत करतात, बंदुका पुरत नाहीत म्हणून. आमच्याकडे काठ्याही नव्हत्या. छत्र्या मात्र सिंगापुरात प्रत्येकाच्या पिशवीत असतात. अशा रीतीने आमची पलटण एकाच वेळी कायदेशीर आणि ऐतिहासिक झाली.

तालमीला आमच्या ब्लॉकखालची मोकळी जागा होती. एका सकाळी छत्र्या खांद्याला लावून सहा मराठी माणसं लेफ्ट-राइट करत होती. सहापैकी तिघांना गुडघेदुखी, त्यामुळे वळताना पलटण एकदम वळत नसे, जसं जमेल तसं वळे. वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी भाजीची ट्रॉली घेऊन थांबल्या. बराच वेळ बघत होत्या. मग मला विचारलं, "यू ऑल डूइंग ताय ची, आ?"

युद्ध, इंग्रज, पलटण आणि मराठी नाटक हे सगळं उन्हात उभं राहून इंग्रजीत समजवायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "येस, आंटी."

पुढच्या शनिवारी आजी स्वतःची फुलाफुलांची छत्री घेऊन आल्या, बरोबर एक मैत्रीणही. दोघी मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. काकांनी तालीम थांबवली नाही. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "या दोघींचं वळणं सगळ्यात चांगलं आहे. मराठी येतं का विचार."

*

नाटकाची परवानगी काढताना आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला, तोही अत्यंत सभ्यपणे: साहेबाच्या हातात सिगार आहे, तो स्टेजवर पेटवणार का?

"नाही" एवढं उत्तर पुरलं असतं. काकांनी तीन पानं लिहिली. प्रवेश रात्रीचा आहे, स्थळ साहेबाच्या बंगल्याचा व्हरांडा, गावात ब्लॅकआउट, आणि ब्लॅकआउटमध्ये बाहेर दिसेल असा उजेड करणं हा त्या काळी गुन्हा होता. सबब साहेब स्वतःच काढलेल्या कायद्याखाली सिगार पेटवू शकत नाही आणि पेटवणार नाही. सोबत कलमं जोडली.

परवानगी मिळाली. शिरीष सगळं नाटकभर न पेटलेला सिगार चघळत होता. त्यावर प्रेक्षकांतल्या एका बाई मला म्हणाल्या, "साहेबाची घालमेल किती छान दाखवलीत हो."

*

आता थोडं नाटकाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साहेबाच्या राज्यात गोऱ्यांना पलटणीची सक्ती आहे. एका मराठी कारकुनाला, वसंताला, स्वतःहून भरती व्हायचंय. साहेब म्हणतो, "हा कायदा तुमच्यासाठी नाही." मुलगा अपमानाने जेवणखाण सोडतो. शेवटच्या प्रवेशात त्याची आई साहेबाच्या बंगल्यावर जाते आणि पदर पसरून म्हणते, "साहेब, माझ्या मुलाला घ्या."

साहेब शिरीष. आई म्हणजे मेधा, शिरीषची बायको. आणि वसंता म्हणजे निनाद, त्यांचा मुलगा.

इथल्या मराठी घरांत मुलगा सोळाचा झाला की लोक विचारतात, "मग काय ठरवलंत?" कशाबद्दल ते कुणी बोलत नाही. आईबापांनी पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी घेतली, मुलालाही दिली, की अठराव्या वर्षी मुलाला दोन वर्षं एनएस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. म्हणजे युनिफॉर्म, केस सफाचट आणि खांद्यावर खरीखुरी बंदूक. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सही करताना मुलगा डायपरमध्ये असतो आणि अठरा वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटते. दामल्यांकडे ती लांबची गोष्ट आता दारात आली होती.

मेधाने ठरवून टाकलं होतं. निनादची पीआर सोडायची, त्याला पुण्याला तिच्या भावाकडे ठेवायचं, तिथेच इंजिनिअरिंग करू द्यायचं. असा गेलेला मुलगा पुन्हा इथे नोकरीला आला, तर आधी याचाच जाब विचारतात, हे शिरीषने एकदा सांगून पाहिलं. मेधा म्हणाली, "नाही येणार परत. जग मोठं आहे." घरात नसलेला अधिकार शिरीषला फक्त शनिवारी, साहेबाची टोपी घातल्यावर मिळायचा.

"हा कायदा तुमच्यासाठी नाही," असं तो तालमीत म्हणाला, की मेधा दर वेळी सुस्कारा टाकायची. "काय सुंदर वाक्य आहे. खरंच कुणी म्हणालं असतं, तर पेढे वाटले असते."

मी काकांना विचारलं, ही भूमिकांची वाटणी तुम्ही मुद्दाम केलीत का? काका म्हणाले, "छे, छे. पोरगं उंच आहे म्हणून." मी ऑडिटमध्ये आहे. असली उत्तरं मला रोज ऐकायला मिळतात.

*

निनादला कुणी काही विचारलं नव्हतं. आमच्याकडे मुलाला सायन्स की कॉमर्स हे विचारतात, बाकीचं आईबाप बघतात. तो आपला तालमीला यायचा, दाराशी बूट काढायचा, मोजे ओढून उलटेच बुटात कोंबायचा. आणि मेधा साहेबाशी बोलता बोलता, अगदी प्रवेशाच्या मध्ये, जाऊन ते मोजे सुलटे करून यायची. "किती वेळा सांगू? मोजे सुलटे काढत जा. पुण्याला मामी करणार आहे का हे?"

एकदा चहाच्या वेळी त्याने काकांना गाठलं. मराठी त्याचं चांगलं आहे, पण मनातलं बोलायला लागला की गाडी इथल्या इंग्रजीवर घसरते. "काका, तेव्हा आपल्याला जायचं होतं, पण दे डोन्ट वॉन्ट. आता दे वॉन्ट, आणि आपण पळतोय. सो फनी लाह." त्याने कप खाली ठेवला. "माझे सगळे फ्रेंड्स जाणार. हाफिझ, वेइ मिंग, सगळे. दे ऑल गो, आणि मी एकटा पुण्याला. मग मी कुठला?"

मेधा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

काकांनी चष्मा पुसला. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला पोटकलम असायचं, तो म्हणाला, "बाळा, याचं कलम मला अजून सापडलेलं नाही."

*

त्यानंतर मेधाचं ते वाक्य अडकायला लागलं. बाकी सगळं नाटक तिला पाठ होतं, वॉर्डनचं कापलेलं भाषणसुद्धा. पण शेवटच्या प्रवेशात पदर पसरून "साहेब, माझ्या मुलाला…" इथवर आली की गाडी ठप्प. मी प्रॉम्प्ट करायची, "घ्या." ती मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

"मेधा, एकच शब्द आहे गं," मी म्हटलं.

"मग तू म्हण ना," ती फटकन म्हणाली. मला मुलगी आहे. मुलींना एनएस नसते. मी संहितेचं पान उलटलं.

सप्रेने सुचवलं, की तिच्या तळहातावर लिहून देऊ. काका म्हणाले, "तिला वाचता येत नाहीये असं नाही."

*

प्रयोगाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. मागच्या रांगेत दोन चिनी आजी छत्र्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काकांनी "दिवे घालवा" म्हटलं, तेव्हा कुणीतरी खरोखरच हॉलचे दिवे घालवले. छत्र्यांच्या पलटणीला टाळ्या पडल्या. सगळं कसं सुरळीत शेवटच्या प्रवेशापर्यंत आलं.

व्हरांड्यात साहेब, तोंडात न पेटलेला सिगार. पायरीशी वसंता. मेधा नऊवारीत आली, पदर पसरला. "साहेब, माझ्या मुलाला…"

आणि थांबली.

मी विंगेतून म्हटलं, "घ्या." ती हलली नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "घ्या." पहिल्या रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं, एवढं मोठ्याने. मेधाने शिरीषकडे बघितलं, मग निनादकडे, आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "साहेब, दोन वर्षांनी परत द्याल ना?"

नाटकात कुठेही दोन वर्षं नव्हती. हॉलमधल्या निम्म्या घरांत सोळा-सतरा वर्षांचे मुलगे होते.

शिरीषचं पुढचं वाक्य होतं, "हा कायदा तुमच्यासाठी नाही." माझं काम मी केलं, प्रॉम्प्ट दिला. त्याने नकारार्थी मान हलवली. तोंडातला सिगार काढून खिशात ठेवला, टोपी काढली आणि हातात धरून नुसता उभा राहिला. माझ्यामागे काका उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हातातली संहिता हळूच काढून घेतली.

शेवटी निनादच पुढे आला.

"आई, दर शनिवारी येईन ना घरी. धुवायचे कपडे घेऊन."

मेधाने पसरलेला पदर आवरला, कमरेला खोचला.

"मोजे सुलटे करून आण," ती म्हणाली.