मॅडमच्या टोपलीतली रताळी

किड्यांवर काम करणाऱ्या माणसाकडं किस्से लई साठतात, कारण घरात कुणी ऐकूनच घेत नाय. जेवताना तोंड उघडलं की बायको वाढणं थांबवते. तुम्ही जेवून आलात, म्हणून सांगतो.

आमचं काम रताळ्याच्या भुंग्यावर पाळत ठेवायचं. मादी रताळ्यात अंडी घालते, अळी आतून पोखरते, मग कोष, मग भुंगा. नवा भुंगा नेमका कधी बाहेर पडतो ते कळलं, की शेतकऱ्याला त्याआधी रताळी काढायला सांगता येतं. आमच्या वसुधा मॅडमनी त्यासाठी अख्खा सीझन लावला होता.

*

लासूर स्टेशनजवळ रावसाहेबांच्या रानात आम्ही सापळे लावले. मादीच्या वासानं नर येतो आन् आत अडकतो.

"आत मादी असते का?" रावसाहेबांनी विचारलं.

"नाय, नुसता वास."

ते वाकून सापळ्यात डोकावले. म्हणाले, "लई निर्दयी खातं हाय राव तुमचं."

*

शहागंजच्या मंडईत मॅडमनी एका भाजीवाल्याला सरळ विचारलं, "किडकी रताळी आहेत का?"

तो भडकला. "बाई, ऐसा माल हम नहीं रखते."

मी त्याला सगळं समजावलं, तेव्हा कुठं निवळला. पुढच्या खेपेला भर बाजारात लांबूनच ओरडला, "आओ मॅडम, एकदम सडेला माल आया, तुम्हारे वास्ते अलग रख्या!" गाड्यावरचं गिऱ्हाईक पिशवी आवरून निघून गेलं.

*

मग ऑफिसात मुंग्या शिरल्या आन् बरण्यांत वाढवत ठेवलेली किड्यांची सगळी पिल्लावळ फस्त केली. उरली एकच टोपली. तिच्यातल्या रताळ्यांवर माद्या सोडून नुकत्याच परत काढून घेतल्या होत्या. वरून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. ही टोपली गेली तर सीझन गेला, म्हणून मॅडमनी ती गारखेड्याला घरी न्यायचं ठरवलं.

रिक्षात टोपली मॅडमच्या मांडीवर. खड्डा आला की, "दादा, हळू. पिल्लं आहेत आत."

रिक्षावाल्यानं बाजूला थांबून आत डोकावलं. मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग घरापर्यंत आरशातून आमच्यावर नजर ठेवून होता.

*

दुसऱ्याच दिवशी एकादशी. रानातून येताना आम्ही मॅडमच्या घरी पाणी प्यायला थांबलो. टोपली रिकामी, गॅसवर कुकर.

सासूबाई खुशीत होत्या. "किती छान रताळी आणलीस गं! उकडून दुधात कुस्करली. तुझ्या वाटणीची ठेवलीत."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या, डोळे भरून आले. मलाही लई वाईट वाटलं. सासूबाई घाबरल्या, म्हणून मीच त्यांना सांगितलं, की ती किड्यांसाठी ठेवलेली रताळी होती.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मात कधी उपास मोडला नव्हता त्यांनी. "म्हणजे मी आज किडे खाल्ले?"

मॅडमनी डोळे पुसले. स्वतःचं सगळं विसरून सासूबाईंना जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"नाही हो आई, किडे कुठले! नुसती अंडी होती."