एकशेपंचवीस नंबरची सनई

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ऐन अक्षतांना टेलिफोन वाजला, आणि तो सारंग रागात वाजला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुमीचं सासर गडहिंग्लजचं, लग्नही तिथंच. आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, हौस एकच होती: लेकीवर अक्षता पडताना सनई वाजली पाहिजे. सनईवाले त्यांनी ठरवलेही होते. मी ते परस्पर रद्द केले. (कोल्हापुरात नुकताच मी एक जुना कीबोर्ड विकत घेतला होता आणि स्वतःला संगीतकार समजू लागलो होतो.)

"आप्पा, ह्यात सनई हाय. फ्लॉपीत भरून नेतो, तिथल्या बँडच्या कीबोर्डात घातली की झालं!"

"पर सनईच वाजंल न्हवं?"

"वाजंल की! मी हाय न्हवं?"

मी आहे, ह्याचीच त्यांना काळजी होती. पण लग्नघरात वाद नको म्हणून त्यांनी मान डोलावली.

पहिलं 'सावधान' झालं. मी घरी सारंग वाजवून भरलेली फ्लॉपी बँडच्या कीबोर्डात सारली आणि ऐटीत बटण दाबलं.

ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"आरं, फोन घ्या की कुणीतरी!" नवरदेवाचे मामा गरजले. कार्यालयाचा मॅनेजर ऑफिसकडं पळाला आणि तसाच परत आला.

"उचललाय मामा! तरीबी वाजतोय!"

मग मामा स्वतः गेले. "हॅलो! मागनं करा, हितं अक्षता पडायल्यात!" असं दरडावून त्यांनी फोन आपटला, मग वायरच उपटली. तरी फोन सारंग आळवतच होता! अंतरपाटाआडून सुमी माझ्याकडं बघत होती. घाबरून मी बटण फिरवलं, ते नेमकं आवाज वाढवायचं निघालं.

बँडचा कीबोर्डवाला शांतपणे म्हणाला, "पावणं, सनईला कंचा नंबर घातलाय?"

"एकशेपंचवीस."

"त्यो फोन! सनई एकशेबाराला असती."

"माझ्या कीबोर्डात एकशेपंचवीसच हाय!"

"तुमचा जुना आसंल. फ्लॉपीत आवाज नसतोय, नुसती सुरावट आनि वाद्याचा नंबर असतोय. आता कीबोर्डच्या समद्या कंपन्यांनी मिळून नंबर ठरवल्यात. जपानात बगा न्हाईतर गडहिंग्लजात, एकशेबारा म्हंजे सनईच."

त्यानं दोन बटणं दाबली. शेवटचं मंगलाष्टक व्हायचं होतं. ते झालं, सनई घुमली, अक्षता पडल्या. आप्पांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण ते सुटकेनं.

पंगतीत मी आप्पांना नंबरांची सगळी भानगड समजावून सांगितली. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

"म्हंजे जपानापासनं गडहिंग्लजपातूर समद्यांचं एकमत झालंय, आनि त्यात आपलं कोल्हापूर तेवढं न्हाय?"

"कोल्हापूर हाय, आप्पा," मी म्हणालो. "मीच न्हाय."