शुभांगीची खिडकी

शुभांगी गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी प्रयोगशाळेत ओट्स शिजवत होते. बुरशीला लागतात. आधी भांडं उतरवलं, मग बसले. सकाळी चहा घेता घेता हृदय बंद पडलं, म्हणाला...

आम्ही दोघी वनस्पतिरोगशास्त्र एकाच बाकावर शिकलो. पुढं ती औषधांच्या कंपनीत गेली, मी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात. काम सारखंच: काचेच्या बशीत बुरशी वाढवायची, तिला ऊब किती, ओल किती लागते ते पाहायचं. तिची बुरशी औषधाची आणि माझी उसाची, एवढ्यावरून तिला पगार माझ्या तिप्पट. दिवाळीला आली की म्हणायची, "ये की तिकडं! हात तोच, बशी तीच, पगार तेवढा बघ." मी म्हणायचे, "तुमच्यात ऊस हाय काय?" ती खळखळून हसायची. तिच्या साड्या, तिनं कोल्हापुरात राजारामपुरीत घेतलेला फ्लॅट, सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं. समाधान एकच होतं. उसाची लाल कूज या भागात माझ्याइतकी कुणाला कळत नव्हती.

मग ती नोकरी सोडून कोल्हापुरात परतली. त्याच वर्षी आमच्याकडं नवा इन्क्युबेटर, म्हणजे ऊब कायम राखणारं बंद कपाट, आला होता. आजवर टेबलावर असणाऱ्या बशा मी मोठ्या कौतुकानं त्यात ठेवल्या. बुरशी कापसासारखी फुगली, पण बीजाणू धरेना. आणि बीजाणूंशिवाय उसाच्या नव्या जाती रोगाला टिकतात का, हे तपासता येत नाही. कार्यालयानं मला न विचारता शुभांगीला बोलावलं. तिनं पर्स माझ्याच खुर्चीला अडकवली आणि इन्क्युबेटरचं दार उघडलं.

"सुमे, अंधारात कोंडलीस व्हय हिला?"

"तापमान बरोबर हाय."

"असंल की. पण दिवस उगवला, मावळला, कायतरी कळू दे तिला."

बशा तिनं उत्तरेच्या खिडकीत मांडल्या. थोड्याच दिवसांत त्यांवर नारिंगी ठिपके उठले. आमचे मदतनीस बापू ओरडले, "बाई, धरलं की!" सगळे तिच्याभोवती गोळा झाले. चहा मी केला. साहेबांनी मानधनाचं विचारलं, तर म्हणाली, "छे, मैत्रिणीकडं आलेय." मला राग आला तो याचा. पैसे घेतले असते, तर माझं तिच्याबद्दलचं मत तरी शाबूत राहिलं असतं... माझ्याजवळ होतं तेवढं एक तिनं नेलं, तेही फुकट.

आता तिला जाऊन महिना होत आला. परवा नव्या जातींची तपासणी सुरू झाली. बापू बशांचा ट्रे घेऊन उभे राहिले. "बाई, शुभांगीबाईंच्या खिडकीत ठेवू न्हवं?" इतकी वर्षं मी इथं राबते, माझ्या नावानं इथं एक स्टूलही ओळखलं जात नाही. ती दोन-चार वेळा आली, तर अख्खी खिडकी तिची. मेल्यावरही पुढंच.

"थांबा," मी म्हटलं. काचेवर धूळ बसली होती. ओलं फडकं घेतलं आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून पुसून काढली.

"हं, ठेवा आता."