कोइतोन आणि मार्थाआत्या

आत्या गेली, हे मला साताऱ्यात दुपारी फोनवर कळलं. फोन माझ्या भावाचा, शमूचा होता आणि तो माधवनगरहून, आमच्या वडिलांच्या खोलीतून बोलत होता... ऐकताना रडू आलंच, पण एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. काही वर्षांपूर्वी शमू त्या खोलीत असणंच शक्य नव्हतं. तो तिथं होता तो आत्यामुळे.

मार्थाआत्या ही दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची, धाकटी बहीण. तासगावात तिने जन्मभर नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर तिला ग्रीक शिकायची हौस आली. एसटीने सांगलीला चर्चच्या एका वृद्ध पाळकांकडे जायची, अक्षरं गिरवायची, चुकली की स्वतःच हसायची. "या वयात कशाला गं?" म्हटलं तर म्हणायची, "बायबलच्या नव्या करारातली माणसं नेमकं काय बोलली, ते ऐकायचं हाय मला." मग दादांना अर्धांगवायू झाला आणि ती सामान घेऊन माधवनगरलाच आली. त्यांच्या पलंगाशेजारी तिने आपली खाट टाकली.

शमूने पाळक व्हावं, ही दादांची इच्छा. तो मात्र शिक्षण अर्धवट सोडून विट्याच्या मित्राबरोबर कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात गेला. तेव्हापासून दादांनी त्याचं नाव घेणं सोडलं होतं. शमू फोन करायचा तो आत्याला... "दादांना विचार ना, येऊ का म्हणून."

एका सकाळी मी तिथं असताना आत्या दादांना पेज भरवत होती. भरवता भरवता म्हणाली, "कोइतोन. ग्रीकात मूळ आडवं होणं, त्यावरनं बिछाना, आन् बिछान्यावरनं झोपायची खोली. अख्ख्या नव्या करारात हा शब्द एकदाच आलाय." मग तिने नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली ती गोष्ट काढली. सोर आणि सीदोन या शहरांच्या लोकांवर हेरोद राजा संतापलेला, आणि त्यांचं पोट तर त्याच्याच मुलखातल्या धान्यावर. तेव्हा त्यांनी राजाच्या शयनगृहावर, म्हणजे त्या कोइतोनवर, नेमलेल्या ब्लस्त नावाच्या माणसाला आपलंसं केलं आणि समेट मागितला. "मुकुट उतरवून राजा नुसता माणूस हुतो, तवा त्याच्याजवळ असणारा माणूस त्यो," आत्या म्हणाली.

दादांची जीभ जड झाली होती, डोकं नव्हे. "म्हंजे मी हेरोद व्हय गं?"

"ते तू ठरव, दादा. पुढं त्यो अंगात किडे पडून मेला, ते तुला ठावं हाय. मी आपली ह्या खोलीवरची बाई. पोराला येऊ दे."

दादांनी धडधाकट हात गालावरून फिरवला. मग म्हणाले, "दाढी वाढलीया. त्याला म्हणावं, येऊन कर."

शमू आला. पहिल्या दिवशी त्याने साबण लावला, दादांनी गाल पुढे केला, एवढंच. पुढे तिकडचं दुकान भागीदारावर सोपवून तो इथंच राहिला, आणि शेवटी आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं त्यानेच केलं.

आत्या त्याच खोलीत राहायची, तरी आत जाताना दरवेळी उंबऱ्याशी थांबून विचारायची, "येऊ का?" पडून असलेल्या माणसाला खोली आपली वाटली पाहिजे, असं तिचं म्हणणं. आत्या गेल्यानंतर, मागच्या रविवारी मी माधवनगरला गेले, तेव्हा शमू चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी थांबला होता.

"येऊ का, दादा?"

"ये की," दादा आतून म्हणाले. "तुजीबी खोली हाय."