माझा बोंबल्या राखणदार

इतका इमानी आणि इतका कटकट्या दुसरा कोणी माझ्या ओळखीत नाही, आणि ऐन तरुणपणी मी तापाच्या गोळ्या घेऊन त्याचंच तोंड तीन दिवस बंद केलं. तेव्हा आमची ओळख नव्हती, एवढीच माझी बाजू. ओळख पुढे नातीनं करून दिली. ती जंतूंचा अभ्यास करते. म्हणाली, "आजी, रक्तातल्या पांढऱ्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. जंतूंचं विष ओळखायचं, एवढंच त्याचं काम."

हा गृहस्थ पेशीच्या दारात बसून असतो. जंतूचा चेहरा बघत नाही, नावगाव विचारत नाही. जंतूच्या अंगरख्यातच विष असतं; ते हाताला लागलं की बोंब ठोकतो. जंतू मेलेला असो, नुसती चिंधी वाहत येवो, बोंब तेवढीच. स्वतः उठून काडी हलवत नाही, पण त्याच्या हाकेसरशी हुडहुडी भरते, ताप चढतो. आमच्या भावकीत असे दोघे-तिघे आहेत. त्यांच्या ओरडण्यानं कोणाचा जीव वाचल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मखमलाबादेत आमचा झेंडूचा मळा. दसऱ्याआधी मी फुलबाजारात बसायची. जागा सोडली की शेजारीण आपली टोपली सरकवते, म्हणून मी दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. म्हणजे उठायलाच नको. या अकलेचा मला फार अभिमान होता. लघवीच्या वाटेनं जंतू शिरले. राखणदारानं बोंब मारली, मी गोळी घेतली. त्यानं पुन्हा मारली, मी पुन्हा घेतली. दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूच्या ढिगावरच आडवी झाले. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, आधी अर्धा किलो तोला, मग निजा."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सासूबाईंना सांगितलं की विष रक्तात भिनलंय, वाचेल की नाही सांगता येत नाही. वेळेवर ऐकलं नाही की हा राखणदार असा काही ओरडत सुटतो की घरच कोसळायला येतं. मी ग्लानीत गिऱ्हाइकांना सुट्टे मागत होते म्हणे.

सासूबाईंनी मला कधी शब्दानं चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्याआधी त्या जागेवर त्याच बसायच्या. शुद्धीवर आले तेव्हा त्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होत्या. मग म्हणाल्या, "आता मीबी येत जाईन बाजारात. एकीनं जागा धरायची, एकीनं जाऊन यायचं. मीबी तिथं वीस वर्सं पाणी प्याले नाय."