युनिक्सची भाऊबंदकी

लालबागला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक काका माझ्या शेजारी बसले होते. मी सहज विचारलं, "काका, लिनक्स म्हणजे युनिक्सच ना?"

काकांनी चहा खाली ठेवला आणि पुड्यातली बिस्किटं बाकावर मांडली.

"हा म्हातारा युनिक्स, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. हा बीएसडी, त्याच्याच कोडमधून जन्मलेला, म्हणजे रक्ताचा. पण 'युनिक्स' हा ट्रेडमार्क, त्यामुळे त्याला ते आडनाव लावायची सोय नाही. हा लिनक्स, ना रक्ताचा ना आडनावाचा. वळण मात्र सगळं म्हाताऱ्याचं, आणि आज जगाचा बराचसा कारभार हाच बघतो."

"मग खरा वारस कोण?"

"जो घर चालवतो तो! रक्त काय चाटायचंय?"

इतक्यात त्यांना गावाहून फोन आला. काका उसळले. "गावच्या घरचो गणपती भाचो आणतलो? आडनाव तरी आमचा आसा काय त्याचा?"

मी लिनक्सच्या बिस्किटाकडे बघितलं. काकांनीही बघितलं. मग माझ्याकडे डोळे वटारले.

"वर्षभर दिवो तोच लावता मां?" त्यांनी फोनवर विचारलं. "मगे आणूंदे त्याकाच."

फोन ठेवून त्यांनी बीएसडी चहात बुडवला आणि रागारागाने खाऊन टाकला. त्यांचं आडनाव विचारायची काही माझी छाती झाली नाही.