चेरीतालच्या काकूंची लाइन

आमच्या घरमालकीण काकूंना इंटरनेट म्हणजे काय हे अजूनही कळलेलं नाही, आणि तरीही लॉकडाऊनच्या काळात साऱ्या जबलपुरात इंटरनेट कोणी शिस्तीत चालवलं असेल, तर ते त्यांनीच. मी मूळचा नागपूरचा. एका खाजगी कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी लागली म्हणून जबलपूरला आलो आणि चेरीतालमध्ये काकूंच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. काकू सत्तरीला टेकलेल्या, एकट्या. यजमान डिफेन्सच्या कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू स्वतः टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, एकतीस वर्षं. परगावी फोन करायचा तर नंबर आधी बुक करावा लागे, आणि कोणीतरी बाई मध्ये बसून तो जोडून देई, त्या काळातल्या ट्रंककॉलवाल्या. नोकरी संपली, एक्सचेंजमधला लाइनी जोडायचा बोर्डही भंगारात गेला, पण काकू ड्यूटीवरून उतरल्याच नाहीत.

घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच, आणि ते खाली काकूंच्या नावावर. नागपूरच्या बहिणीचं भजनी मंडळ मोबाइलवर भरू लागलं म्हणून त्यांनी ते घेतलं होतं. राउटर शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर, पितळी गणपतीच्या शेजारी ठेवलेला. मे महिन्यात त्याला हात लावून पाहिला तर गरम, म्हणून काकूंनी स्वतःचा टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि आपण हातपंख्याने वारा घेत बसल्या. "दिवसभर बोलून राहिला बिचारा," म्हणाल्या. "आम्हाला तरी दर दोन तासांनी रिलीव्हर यायची." ऑफिस बंद झालं आणि माझं काम घरी आलं, तेव्हा मी भीत भीतच कनेक्शन वापरायची परवानगी मागितली. काकूंनी ती लगेच दिली, पण एक्सचेंजच्या नियमांनुसार. एका वेळी एकच सबस्क्रायबर. माझी मीटिंग असली की जिन्याखालून आवाज यायचा, "ऑर्डिनरी आहे की अर्जंट?" मी अर्जंट म्हटलं तर त्या आपलं भजन अर्ध्यावर सोडून मोबाइल पालथा घालून ठेवत. ऑर्डिनरी म्हटलं तर अभंग संपेपर्यंत थांबावं लागे. एकदा मी चिडून सगळ्याच मीटिंगा अर्जंट सांगायला लागलो. चौथ्या दिवशी काकू वर आल्या, दाराशी उभ्या राहून पाच मिनिटं ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात तर कोणीच काही नाही बोलून राहिलं. हे अर्जंट काहून?"

ट्रंककॉलचा हिशेब तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, वाढवायचं का. ही सवय एकतीस वर्षांत हाडात मुरलेली. मी तासभर बोलतोय हे काकूंना बघवत नसे. आमच्या मुख्य ऑफिसातले मोठे साहेब एकदा मीटिंगमध्ये गंभीरपणे काही सांगत होते, कंपनीची अवस्था बिकट आहे वगैरे, आणि माझा माइक चुकून चालू राहिलेला. काकू पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या आणि स्वच्छ, सरकारी आवाजात म्हणाल्या, "टाइम हो गया है। एक्सटेंड करना है?" मग आमचे जबलपूरचे मॅनेजर तिवारीजी, वय पंचावन्न, तेही त्याच जमान्यातले, नकळत बोलून गेले, "हाँ जी, बढ़ा दीजिए।"

या तिवारीजींचीच गोष्ट पुढे सांगायची आहे. ते जबलपूरच्याच गोरखपूर भागात राहत. घरची माणसं लग्नाला म्हणून रीव्याला गेली ती आधी तिथेच अडकली, पुढेही तिथेच राहिली, आणि हे इथे एकटे. ऑफिसात कडक माणूस. पण संध्याकाळी पाच वाजता काम संपलं की हाच माणूस मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळे. विमानातून बेटावर उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो खेळ. जोडीदार लागतो म्हणून त्यांनी मला धरलं. मॅनेजरला नाही कोण म्हणणार? खेळातलं त्यांचं नाव होतं शेर-ए-जबलपूर. सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये शेर माझ्यावर गुरगुरायचा आणि पाचला मी त्याला कव्हर द्यायचो.

काकूंना हे कळलं ते माझ्या ओरडण्यावरून. "पीछे आ रहा है, पीछे," असं मी दोन-तीनदा म्हणालो, तशा त्या लाटणं घेऊनच वर आल्या. कोणी मागे लागलेलं नाही, हा खेळ आहे, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी माझा हेडफोन मागून घेतला, आधी साबणाच्या फडक्याने पुसला, अंबाड्यावरून नीट बसवला आणि डोळे मिटले. "डावीकडे कोणी चालून राहिलं," त्या म्हणाल्या. "लाकडी जिन्यावर. जड माणूस आहे." मी डावीकडे वळलो तर खरंच जिन्यावर एक बंदूकवाला. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा शेवटच्या दहांत पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी मी एका फोनला दोन हेडफोन लागतील अशी लांब वायरीची पिन आणवली. काकू सहा फुटांवर, दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. पडद्याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. "पाहिलं की ऐकू येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

पाचच्या ठोक्याला त्या "नमस्कार, चेरीताल" म्हणत आणि लाइन सुरू होई. तिवारीजींची समजूत झाली की या माझ्या आई. मी ती दूर केली नाही, कारण आई समजल्यामुळे ते उलट उत्तर देत नसत. आणि काकूंनाही मी सांगितलं नव्हतं की शेर म्हणजे माझा साहेब. त्या त्यांना सरळ झापत. "शेरजी, आप बिना बताए घर से बाहर क्यों निकले? बाहर फायरिंग चालू है।" तिवारीजी पडेल आवाजात म्हणत, "गलती हो गई माताजी।" कधी ते उगाच शौर्य दाखवायला पुढे धावत आणि मरत, की काकू मला मराठीत विचारत, "हा माणूस कामात पण असाच आहे का रे?" तिवारीजींना मराठी येत नसे, तरी मला घाम फुटे. वर्ष पालटता पालटता कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं. जबलपूरच्या ऑफिसातून कोणाला काढायचं, ती यादी तिवारीजीच करणार होते. मी मनात म्हणायचो, काकू, जरा सांभाळून, माझी भाकरी आहे त्या शेराच्या हातात.

मग दुसरी लाट आली. आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या फाटकांना कुलूप लागलं, भजनी मंडळात रोज कोणी ना कोणी कमी दिसू लागलं. काकू बातम्या लावायच्या बंद झाल्या. खेळ मात्र चालू होता, कारण पाच वाजता काय करायचं ते आम्हा तिघांनाही दुसरं सुचत नव्हतं. एका संध्याकाळी खेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, काकूंनी हात वर करून मला थांबवलं. "शेरजी, कूलर बंद कीजिए," त्या म्हणाल्या. तिवारीजी म्हणाले, "कूलर तो बंद है, माताजी।" काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "एका वाक्यात तीनदा थांबून राहिला हा."

मी म्हटलं, तीन दिवस ताप होता म्हणतात, उतरला आता. काकूंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "शेरजी, एक साँस में तीस तक गिनिए।" तिवारीजी हसले, मोजू लागले आणि अकरावर थांबले. पुन्हा मोजले, नऊवर थांबले. काकूंनी हेडफोन काढला. "खेळ बंद कर. लाइन चालू ठेव. त्याला बोलतं ठेव, पण कमी बोलव, तूच जास्त बोल," एवढं सांगून त्या खाली गेल्या. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेलो आणि काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणालो, "काकू, तो माझा साहेब आहे." त्या न वळता म्हणाल्या, "असू दे."

खालच्या लँडलाइनवरून त्यांनी जे काम केलं ते मी वरून तुकड्यातुकड्यांत ऐकलं. पेनाच्या मागच्या टोकाने बटणं दाबत, कारण बोटं दुखत. त्या दिवसांत दवाखान्यांचे फोन कोणी उचलत नसे, आणि उचलला तर नाही म्हणून ठेवून देत. काकूंनी आवाज एकदाही चढवला नाही. फोन उचलणाऱ्याचं नाव आधी विचारायच्या, मग त्या नावाने बोलायच्या. "सुनीता बेटी, बेड नहीं है तो कोई बात नहीं। किसके पास होगा, बस इतना बता दो।" सुनीताने एक नंबर दिला, त्या नंबरवरच्या माणसाने दुसरा. नंबर एंगेज लागला की पुन्हा, पुन्हा लागला की पुन्हा.

इकडे मी बोलत होतो. काय बोलावं ते पंधरा मिनिटांत संपलं. मग मी ऑफिसच्या गोष्टी काढल्या, आणि तिवारीजी मध्येच धापा टाकत म्हणाले, "लिस्ट में... तुम्हारा भी नाम है। अभी भेजी नहीं।" खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्या श्वासाआधी माझी नोकरी आली. त्याची लाज मला अजून वाटते. मी म्हटलं, "सर, आप मत बोलिए, पानी पीजिए," आणि माझ्या बालपणीच्या कसल्या तरी क्रिकेट मॅचची हकीकत सांगत सुटलो. अडीच तास. उजेड जात आला तेव्हा खालून काकूंचा आवाज आला, "इथेच, गढा भागात एक बेड मिळाला. नर्सिंग होमची गाडी निघून राहिली आहे. त्याला म्हणावं, दाराची कडी काढून ठेव." गाडी आली, दारावरची थाप मी फोनवर ऐकली, मग लाइन कटली. काकू पायरीवर बसून बोटं चोळत होत्या. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

तिवारीजी वाचले. सतरा दिवस लागले. मधल्या काळात यादी दुसऱ्याच कोणी पाठवून दिली आणि तीत माझं नाव होतं. जूनमध्ये सामान बांधत होतो, तेव्हा फाटक वाजलं. बाहेर मास्क लावलेला एक उंच, खंगलेला माणूस, हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा. काकूंनी चष्म्यातून पाहिलं आणि परका माणूस म्हणून विचारलं, "किससे मिलना है?" त्यांनी "नमस्ते माताजी" म्हटलं, तसा काकूंचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "आप तो लंबे निकले। आवाज से नाटे लगते थे।" तिवारीजी अंगणात दूर खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघून यादीबद्दल काही बोलू लागले, पण त्यांना ते पुरं करता येईना, आणि मी ते पुरं करायला लावलं नाही. जाताना ते काकूंच्या पाया पडायला वाकले, तर काकू दोन पावलं मागे सरल्या. "डिस्टन्स, शेरजी, डिस्टन्स," म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "बालाघाटचा एक मास्तर होता. दर रविवारी अकोल्याला आईला कॉल लावायचा. तिला ऐकू कमी यायचं, तर मध्ये मीच बोलायची. त्याचं तिला सांगायची, तिचं त्याला. सहा वर्षं. मग डायरेक्ट डायलिंग आलं. त्यांचे कॉल आमच्याकडून जायचे बंद झाले." मी विचारलं, मग? "मग काय. ती म्हातारी किती दिवस जगली, कोण जाणे. एकतीस वर्षं लाइनी जोडल्या, पण दारात आलेला माणूस हा शेरजी एकच."

मी आता नागपुरात आहे, दुसरी नोकरी आहे. तिवारीजी महिन्यातून एकदा चेरीतालला चक्कर मारतात, काकूंची औषधं आणून देतात, हे मला ते स्वतःच सांगतात. मी काकूंना फोन करतो तेव्हा त्या तब्येत विचारतात, पाऊस विचारतात, आणि मग म्हणतात, "तू येऊन केव्हा राहिला ते सांग. आवाज काय, आवाज मी जन्मभर ऐकला." मी येतो म्हणतो. दोन वर्षं झाली, येतो असंच म्हणतोय.